समरलँड, 2 ऑगस्ट 1973: भिंतीच्या पोकळीत वाढलेली आग आणि पन्नास वर्षांनंतरचं स्मरण

आयल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं एक बेट. ब्रिटिश राजमुकुटाखाली असलं तरी ते युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याची संसद वेगळी, तिचं नाव टिनवाल्ड. कायदे वेगळे, आणि इमारत बांधणीचे नियमही वेगळे. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा लागेल, पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

साठच्या दशकापर्यंत या बेटाचं पोट उन्हाळी पर्यटनावर चालायचं. लँकेशायरच्या गिरणगावांतली, लिव्हरपूल-मँचेस्टरची कामगार कुटुंबं आगबोटीने डग्लस बंदरात उतरायची, आठवडाभर किनाऱ्यावर राहायची आणि परत जायची. मग स्वस्त विमानसफरी सुरू झाल्या. तेवढ्याच पैशांत स्पेनचं हमखास ऊन मिळू लागल्यावर आयरिश समुद्राच्या वाऱ्यापावसात कोण येणार? यावर डग्लस नगरपालिकेने काढलेला तोडगा म्हणजे समरलँड. पाऊस असो वा गारठा, आत कायम उन्हाळा ठेवणारी एक अवाढव्य इमारत. खर्च सुमारे 20 लाख पौंड. मे 1971 मध्ये ती सुरू झाली. मालकी नगरपालिकेची आणि चालवायला घेतली होती ट्रस्टहाऊस फोर्टे या मोठ्या हॉटेल कंपनीने.

जागा होती डग्लसच्या प्रॉमनेडच्या उत्तर टोकाला, डर्बी कॅसलपाशी. घोड्यांची ट्राम तिथे संपते आणि बेटाची जुनी विजेची रेल्वे तिथून सुटते. मागे उभा कडा, पुढे रस्ता आणि समुद्र. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात इमारत बसवलेली. म्हणजे मागच्या बाजूने बाहेर पडायला मोकळी जागा मुळातच कमी.

इमारत कशाची होती

दुर्घटनेचं मूळ इमारतीच्या साहित्यात आहे, म्हणून ते नीट पाहू.

समुद्राकडची दर्शनी भिंत आणि छताचा मोठा भाग ओरोग्लास नावाच्या पारदर्शक ॲक्रिलिकचा होता. रसायनशास्त्रात याचं नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. आपल्याकडे दुकानाच्या पाट्यांना वापरतात तोच प्रकार. काचेपेक्षा हलका, सहज वाकवता येणारा आणि उजेड भरपूर आत सोडणारा. हिवाळ्यातही आत उन्हाळ्याचा भास हवा असेल तर वास्तुरचनाकाराला याचा मोह पडणं स्वाभाविक आहे.

पण हे साहित्य जळतं. साधारण 100 अंश सेल्सियसच्या आसपास ते मऊ पडू लागतं, पुढे 300 अंशांच्या वर गेलं आणि जवळ ज्योत असली की पेट घेतं. एक किलो ॲक्रिलिक जळताना सुमारे 25 मेगाज्यूल उष्णता देतं. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर असा हिशोब करावा: 3 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर ॲक्रिलिक साडेतीन किलोच्या आसपास भरतो. असा साधारण साडेसात चौरस मीटर पत्रा म्हणजे आपल्या घरातल्या 14.2 किलोच्या एका भरलेल्या गॅस सिलिंडरएवढी उष्णता. अशा साहित्याने अख्खी दर्शनी भिंत आणि छप्पर मढवलेलं असेल, तर ते किती सिलिंडर होतात याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

बेटाच्या बांधकाम नियमांत याला आडकाठी होती. बाहेरच्या भिंती न जळणाऱ्या साहित्याच्या हव्यात आणि त्यांनी दोन तास आगीला तोंड द्यायला हवं, असं उपविधी 39 सांगत होता. ॲक्रिलिक यात कुठेच बसत नव्हतं. म्हणून नियमातून सूट मागितली गेली आणि ती मिळाली. त्यामागे एक युक्तिवाद होता: आग लागलीच तर हे पत्रे पेटण्याआधी मऊ होऊन चौकटीतून गळून पडतील, धूर आणि उष्णता वरून बाहेर जाईल, त्यामुळे उलट सुरक्षितताच वाढेल. ऐकायला हे पटतं. छोटी आग पत्र्यापासून लांब, खाली जमिनीवर असेल तर थोडंफार खरंही ठरेल. पण मोठी ज्योत थेट भिंतीला चाटत वर आली तर पत्रा पडायची वाट न पाहता जागीच पेटतो. मग पडतो तो जळता रस, खाली उभ्या माणसांच्या अंगावर. समरलँडमध्ये नेमकं हेच झालं.

तरी आगीची सुरुवात ओरोग्लासपासून झाली नाही. ती झाली पूर्वेच्या बाजूच्या भिंतीत. ही भिंत बाहेरून गॅल्बेस्टॉस नावाच्या पन्हाळी पत्र्याची होती: मधे पोलादी पत्रा, त्याच्या दोन्ही अंगांना ॲस्बेस्टॉसचा नमदा आणि त्यावर डांबराचा लेप. मुळात इथे काँक्रीटची भिंत योजली होती, नंतर ती बदलून हा पत्रा आला. आतल्या बाजूला डेकालिन नावाच्या फायबरबोर्डचं अस्तर होतं, तेही जळणारं. पत्रा आणि अस्तर यांच्या मधे उभी पोकळी. तिला कुठे आडवा अडसर नव्हता.

‘ॲस्बेस्टॉस’ हा शब्द कानावर पडला की माणूस निर्धास्त होतो, कारण ॲस्बेस्टॉस जळत नाही. पण आग पत्र्याच्या नावाकडे पाहत नाही. बाहेरून ज्योत लागली की मधलं पोलाद तापतं, उष्णता आरपार जाते आणि आतल्या बाजूचं डांबर शिजून त्याची जळाऊ वाफ पोकळीत भरते. समोरच फायबरबोर्ड. दोन तापलेले पृष्ठभाग समोरासमोर असले की दोघांची उष्णता एकमेकांवर आदळत राहते, ती बाहेर निसटत नाही. चुलीत एकच लाकूड विझतं, दोन लाकडं तोंडाला तोंड लावून ठेवली की धडधडतात. इथे तेच घडलं. फरक इतकाच की ही चूल भिंतीच्या आत होती, कोणाच्या नजरेस न पडणारी.

त्या संध्याकाळी

2 ऑगस्ट, गुरुवार. ऐन हंगाम. आत सुमारे 3,000 माणसं होती. मधला भाग, म्हणजे सोलॅरियम, वरपर्यंत मोकळा. त्याच्या कडेने पायऱ्यांसारखे एकावर एक उघडे मजले, त्यांवर बार, खेळ, बसायच्या जागा. खालच्या मजल्यांवर मुलांची करमणूक आणि डिस्को. म्हणजे आईवडील वर आणि मुलं खाली, हे बहुतेक कुटुंबांचं चित्र. मजले उघडे असल्यामुळे वरून खालपर्यंत सगळं दिसत होतं, आणि त्याच कारणाने ही सगळी मोकळी जागा एका मोठ्या धुरांड्यासारखी होती.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लिव्हरपूलहून आलेली तीन शाळकरी मुलं बाहेरच्या मिनी गोल्फच्या जागेवर एका बंद पडलेल्या टपरीत सिगारेट ओढत होती. टपरीला आग लागली. ती जळत जळत कोसळली आणि गॅल्बेस्टॉसच्या भिंतीला टेकून जळत राहिली.

इथे एक क्षण थांबावं लागतं, कारण सगळं प्रकरण याच काही मिनिटांत ठरलं. समजा तुम्ही तिथे कामावर आहात. बाहेर एक टपरी जळते आहे. इमारतीला काही झालेलं दिसत नाही. कर्मचारी पाण्याची नळी घेऊन धावतात आणि टपरीवर पाणी मारतात. बाहेरची ज्वाळा खाली बसल्यासारखी वाटते. कामगिरी झाली असं वाटणं साहजिक आहे. त्याच वेळी भिंतीच्या पोकळीत आग वर चढते आहे, कडेला सरकते आहे, आणि आतल्या फायबरबोर्डला पलीकडून खाते आहे. पोकळीच्या आगीचा हाच सगळ्यात घातक स्वभाव: ती दिसते तेव्हा तिची वाढ होऊन गेलेली असते. पुढे ती आतल्या खेळयंत्रांच्या दालनात फुटली तेव्हा ठिणगी म्हणून आलीच नाही, भिंतभर ज्वाळा होऊन आली. तिथून ती ओरोग्लासपर्यंत पोचली आणि नंतर काही मिनिटांत दर्शनी भिंत आणि छप्पर पेटलं.

अग्निशमन दलाला जवळजवळ अर्धा तास कोणी कळवलं नव्हतं. आणि कळवलं तेही समरलँडमधून नाही. किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात असलेल्या एका जहाजाच्या कप्तानाला आग दिसली. सगळं बेटच पेटल्यासारखं दिसतंय, असा बिनतारी संदेश त्याने तटरक्षकांना दिला आणि तटरक्षकांनी बंबवाल्यांना हलवलं. पहिली गाडी पोचताच लक्षात आलं की हे एका ठाण्याचं काम नाही. बेटावरच्या 106 अग्निशामकांपैकी 93 जण आणि सगळेच्या सगळे 16 बंब तिथे आले. यातले बहुतेक अग्निशामक इतर नोकरीधंदा सांभाळून बोलावल्यावर येणारे होते. त्यांनी जे केलं त्याला तोड नाही, पण ते पोचण्याआधीच ज्वाळा आतून बाहेर फुटू लागल्या होत्या.

आत इशाऱ्याची घंटा वाजली नाही. बाहेर पडा असं कोणी वेळेत सांगितलं नाही. लोकांना आग कळली ती ज्वाळा डोळ्यांनी दिसल्यावरच, आणि मग सगळे एकदम निघाले. मेन स्विच बंद झाल्यावर दिवे गेले आणि आणीबाणीचा जनरेटर चालू झाला नाही. काही आपत्कालीन दारांना कुलपं होती. त्यामुळे लोंढा वळला तो मुख्य दाराकडे आणि जिन्यांकडे. तिथे माणसं पडली, तुडवली गेली. वरून ॲक्रिलिकचे जळते थेंब पडत होते. एकूण 50 माणसं मेली, 80 जण गंभीर जखमी झाले.

माणसं परिचित दाराकडे का धावली

याला ‘भगदड’ म्हणून सोडून दिलं की विषय संपतो, आणि तो संपू नये. समरलँडमधून वाचलेल्यांच्या जबान्यांवर पुढे जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने बारकाईने काम केलं. त्यातून निघालेली गोष्ट आज सगळीकडच्या निर्गमन आराखड्यांचा पाया झाली आहे. धोका कळल्यावर माणूस सगळ्यात जवळच्या दाराकडे जात नाही. तो ज्या दारातून आत आला त्याच दाराकडे जातो, आणि आपल्या माणसांकडे जातो. कर्मचारी आपत्कालीन दार वापरतात, कारण त्यांना ते रोजचं असतं. पाहुण्याला ते दार म्हणजे भिंतीवरची एक पाटी असते.

शिवाय कुटुंब विभागलेलं असेल तर? खाली लेकरू खेळतंय हे माहीत असलेली आई वरून निघून थेट बाहेर जाईल, ही अपेक्षाच माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. ती खाली जाणार. म्हणजे वरून उतरणाऱ्या गर्दीत कोणी खाली शोधायला निघालेले, तर काही मुलं शोधून वर-बाहेर येणारे, असे उलटसुलट प्रवाह त्याच जिन्यांवर एकमेकांना भिडतात. मुलांची जागा पालकांपासून वेगळी ठेवणाऱ्या प्रत्येक इमारतीत हा प्रश्न आहे, मग ते मॉल असोत वा लग्नाचे हॉल. यावर उपाय आहे, पण तो आराखड्यात आधीच असावा लागतो. मुलांच्या दालनाला थेट बाहेर उघडणारं स्वतंत्र दार हवं, तिथल्या माणसाने मुलांना घेऊन बाहेर पडायचं हे पक्कं ठरलेलं हवं, आणि पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगितलेलं हवं की मुलं अमुक ठिकाणी भेटतील. हे शेवटचं केलं नाही तर पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग नाही, कारण आईला ठाऊक नसेल तर ती खाली जाणारच.

दारांच्या रुंदीचा एक हिशोबही इथे मांडायला हवा. माणसं शांतपणे चालत असतील तर एक मीटर मोकळ्या रुंदीच्या दारातून मिनिटाला ढोबळमानाने 80 माणसं जातात. अडीच मिनिटांत 3,000 माणसं बाहेर काढायची तर मिनिटाला 1,200, म्हणजे साधारण 15 मीटर मोकळी रुंदी, तीही वेगवेगळ्या बाजूंना विभागलेली आणि सगळी उघडी. चार दारांपैकी एकाला कुलूप असलं तर हिशोब पंचवीस टक्क्यांनी कमी होतो असं समजू नये. कुलूपबंद दारापर्यंत गेलेली माणसं परत फिरतात आणि उरलेल्या दारांकडच्या गर्दीत उलटी शिरतात.

अडीच मिनिटं हा आकडा कुठून आला? 1911 मध्ये एडिंबरोच्या एम्पायर पॅलेस नाट्यगृहात रंगमंचाला आग लागली. प्रेक्षागृहात सुमारे 3,000 माणसं होती, समरलँडइतकीच. लोखंडी पडदा खाली सोडला गेला, वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केलं, लोक उठून उभे राहिले आणि ते वाजत असतानाच बाहेर पडले. प्रेक्षकांतलं कोणीही दगावलं नाही. मृत्यू पडद्यामागे, कलाकारांच्या बाजूला झाले. ते राष्ट्रगीत वाजायला लागलेला वेळ सुमारे अडीच मिनिटं, आणि पुढे कित्येक दशकं ब्रिटनमध्ये निर्गमनाचं मोजमाप म्हणून तो धरला गेला. म्हणजे समरलँड बांधली गेली त्याच्या साठ वर्षं आधी, तेवढीच माणसं वेळेवर सांगितल्यामुळे कशी वाचतात, हे दाखवून झालं होतं.

चौकशी आणि ‘कोणी खलनायक नव्हते’

न्यायमूर्ती जोसेफ कँटली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. सप्टेंबर 1973 ते फेब्रुवारी 1974 सुनावण्या झाल्या आणि मे 1974 मध्ये अहवाल आला. तांत्रिक काम म्हणून तो अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. पोकळी, अस्तर, ॲक्रिलिक, नियमातली सूट, उशिरा दिलेली खबर, निर्गमनाचा अभाव, हे सगळं त्यात आलं. पण लक्षात राहिलं ते त्यातलं एक वाक्य. आयोगाने म्हटलं की या प्रकरणात कोणी खलनायक नव्हते. एका नव्या, आकर्षक कल्पनेच्या उत्साहात अनेक माणसांच्या चुका साचत गेल्या, ओळखीपाळखीच्या वर्तुळावर फार भिस्त ठेवली गेली आणि एकमेकांना कळवण्याची पद्धत ढिसाळ होती, असा त्याचा आशय होता.

आमच्या मते हे वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्या अर्ध्या खरेपणामुळेच त्याने पुढची पन्नास वर्षं नुकसान केलं. कोणी मुद्दाम माणसं मारायला निघालं नव्हतं, हे खरं. पण ‘चुका साचत गेल्या’ असं म्हटलं की चुका आपोआप साचल्यासारख्या वाटतात. त्या साचल्या नाहीत. कोणीतरी नियमातून सूट मागितली, कोणीतरी ती मंजूर केली. काँक्रीटच्या भिंतीऐवजी पत्रा ठरवला तो कोणीतरी ठरवला. कुलूप कोणाच्या तरी हाताने लागलं. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक सही होती, एक तारीख होती आणि नाही म्हणण्याची एक संधी होती.

मृत्यूंच्या चौकशीतही निकाल ‘अपघाती दुर्दैव’ असा आला. कोणत्याही संस्थेवर किंवा अधिकाऱ्यावर खटला चालला नाही. शिक्षा झाली ती त्या तीन मुलांना. बालन्यायालयाने प्रत्येकी तीन पौंड दंड केला आणि टपरीच्या कुलपाची भरपाई म्हणून प्रत्येकी 33 पेन्स घेतले. तोडलेल्या कुलपाचा पैशापैशाने हिशोब झाला. इमारतीच्या आपत्कालीन दारांवरच्या कुलपांबद्दल कुठल्याही न्यायालयात कोणाला उत्तर द्यावं लागलं नाही.

काही बदल झाले. ब्रिटन आणि बेटावरचे इमारतींच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. प्लॅस्टिकच्या आच्छादनांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. पण जो धडा सगळ्यात नेमका होता, म्हणजे आच्छादन आणि भिंत यांच्या मधली पोकळी, तोच लोकांच्या डोक्यातून गेला. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 72 माणसं मेली तेव्हा आग बाहेरच्या आच्छादनातून आणि त्यामागच्या पोकळीतून वर चढली. साहित्य वेगळं होतं: मधे पॉलिइथिलिन भरलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि जळणारं उष्णतारोधक. रचना तीच: जळणाऱ्या दोन थरांमधली उभी फट आणि तिला अपुरे अडसर. समरलँडचा अहवाल तोवर 43 वर्षं जुना झाला होता.

आपल्याकडे हा विषय दूरचा वाटू नये. आज ठाणे, पुणे, नाशिक कुठेही नवी व्यापारी इमारत पाहा, दर्शनी बाजूला ॲल्युमिनियम कंपोझिट पत्रा दिसतो आणि त्याच्या मागे चौकटीची पोकळी असते. तपासणीला जाणाऱ्याने पत्र्याचा रंग आणि चमक पाहण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पत्र्याच्या मधला गाभा खनिजाचा आहे की प्लॅस्टिकचा? एखादा तुकडा कापून कड पाहिली तरी पुष्कळ कळतं: काळा, मेणासारखा, खिळ्याने ओरखडा निघणारा गाभा म्हणजे प्लॅस्टिक. पांढरट, भुसभुशीत असेल तर खनिज भरलेला असण्याची शक्यता जास्त, पण खात्री प्रयोगशाळेच्या अहवालानेच होते. दुसरा प्रश्न: प्रत्येक मजल्याच्या पातळीला पोकळीत आडवा अडसर आहे का? रेखांकनात असणं पुरेसं नाही. नंतर केबल किंवा पाइप घालताना तो फोडला जातो आणि भोक कोणी भरत नाही, हे रोज दिसतं. तिसरा प्रश्न: भिंतीच्या पायथ्याशी बाहेर काय ठेवलं आहे? कचरापेटी, भंगार, टपरी, उभ्या दुचाक्या. समरलँडची आग भिंतीला टेकलेल्या एका टपरीने सुरू झाली.

महाराष्ट्रातल्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली मालकाने किंवा वापरकर्त्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. लोक त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. चांगली तरतूद आहे. पण त्या कागदावर पंप, हायड्रंट, अग्निशामक सिलिंडर येतात. भिंतीतली पोकळी त्यात येत नाही. शनिवारी संध्याकाळी गर्दीच्या वेळी दाराला कुलूप आहे का, तेही येत नाही. ते पाहायचं तर शनिवारी संध्याकाळीच जावं लागतं. जनरेटरचंही तसंच. महिन्याला एकदा बटण दाबून तो चालतो का पाहणं वेगळं, आणि मेन स्विच खरोखर बंद करून तो आपोआप सुरू होतो का, किती सेकंदांत होतो, आणि जिन्यातले दिवे त्यावर आहेत का, हे पाहणं वेगळं. दुसरी चाचणी केली नाही तर पहिलीला अर्थ नाही.

आणि खबर. आग दिसली की आधी फोन, मग पाणी. ही एवढीशी गोष्ट कामावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असावी लागते, कारण माणसाचा हात आपोआप नळीकडे जातो. व्यवस्थापकाला विचारून मग कळवू, ही सवय तर सगळ्यात महाग. समरलँडमधल्या कर्मचाऱ्यांनी घाबरून पळ काढला नव्हता, ते खरंच पाणी मारत होते. दोघे असतील तर एकाने फोनच करायचा आणि दुसऱ्याने नळी घ्यायची, एवढं आधी ठरलेलं असतं तर बंब किमान काही मिनिटं आधी निघाले असते.

स्मरणाचा प्रवास

जळका सांगाडा 1975 मध्ये पाडला. त्याच जागी 1978 मध्ये छोटं समरलँड उभं राहिलं, तेच नाव ठेवून. ज्यांची माणसं तिथे गेली त्यांना त्या नावाची पाटी पुन्हा पाहावी लागली. ते 2004 मध्ये बंद झालं आणि पुढच्या वर्षी पाडलं गेलं. भिंतीचा एक भाग ठेवावा लागला, कारण मागच्या कड्याला त्याचाच आधार होता.

स्मारक व्हायला पंचवीस वर्षं लागली. 1998 मध्ये समर हिलच्या पायथ्याशी, के स्मृती उद्यानात, एक साधा दगड बसवला. मृतांची नावं कोरलेलं ग्रॅनाइटचं स्मारक 2013 मध्ये, चाळिसाव्या स्मृतिदिनाला आलं. म्हणजे मूल म्हणून वाचलेला माणूस पन्नाशीकडे पोचला तेव्हा आईचं नाव सार्वजनिक दगडावर दिसलं. हा उशीर निव्वळ आळसाचा नव्हता, असं आम्हाला वाटतं. मेलेले बहुतेक जण बेटावरचे नव्हते, सुट्टीला आलेले होते. त्यांचं दुःख आगबोटीने परत गेलं. बेटावर राहिली ती बदनामी, आणि पर्यटनावर जगणारं गाव बदनामीबद्दल बोलत नाही. शिवाय ‘खलनायक नव्हते’ असं अधिकृतपणे लिहून झालं होतं. मग विचारायचं काय आणि कोणाला?

पन्नासाव्या स्मृतिदिनाच्या तोंडावर वाचलेले आणि नातेवाईक यांनी माफीची मागणी लावून धरली. 2023 मध्ये बेटाचे मुख्यमंत्री आल्फ्रेड कॅनन यांनी टिनवाल्डमध्ये सरकारच्या वतीने माफी मागितली: झालेल्या यातनांबद्दल, आणि दुर्घटनेला हातभार लावणाऱ्या उणिवांबद्दलही. यातला दुसरा भाग महत्त्वाचा, कारण तिथे सरकारने पहिल्यांदा ‘उणिवा’ हा शब्द आपल्या तोंडून उच्चारला.

माफीने नोंद मात्र बदलत नाही, आणि नातेवाइकांचा रोख नोंदीवर आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे शेजारच्या आयर्लंडचं उदाहरण आहे. डब्लिनच्या स्टारडस्ट नृत्यगृहात 14 फेब्रुवारी 1981 ला आगीत 48 तरुण-तरुणी मेल्या. तिथल्या चौकशीने आग बहुधा कोणीतरी लावली असावी असं लिहिलं, आणि तो डाग तिथे गेलेल्या मुलांवरच पडला. कुटुंबांनी ते वाक्य खोडून घेण्यासाठीच पंचवीसहून अधिक वर्षं घालवली. 2009 मध्ये ते खोडलं गेलं. मग नव्याने मृत्युचौकशी झाली आणि एप्रिल 2024 मध्ये ज्युरीने निकाल दिला: बेकायदेशीर हत्या. त्यानंतर काही दिवसांत पंतप्रधानांनी देशाच्या वतीने माफी मागितली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 ला गेलेल्या 59 जणांच्या नातेवाइकांनी संघटना करून वर्षानुवर्षं न्यायालयात जे केलं, त्यामागेही हीच जिद्द होती: आमचं माणूस का मेलं, ते बरोबर शब्दांत लिहा.

डग्लसमध्ये दर वर्षी 2 ऑगस्टला त्या बागेत लोक जमतात. समोर रस्ता, पलीकडे समुद्र. डर्बी कॅसलला ट्राम अजूनही येते. त्याच्या पुढे कड्याखाली समरलँडची जागा मोकळी पडली आहे, आणि मृत्यूच्या नोंदीत कारणापुढे आजही लिहिलेलं आहे: अपघाती दुर्दैव.